मागे डावीकडे

१

गाडी कारखान्यात आली की मी आधी टेप घेऊन तिच्याभोवती फिरतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. आकडे भिंतीवर खडूने लिहितो. गिऱ्हाइकांना वाटतं मी तिला कपडे शिवणार आहे. पण बावीस वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. मालक जे सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि टेप सांगेल ते सगळं लिहून घ्यावं.

धाकटीची गाडी आली तेव्हाही तेच केलं. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. डोंगरातले झरे शोधून त्यांची मोजणी करण्याचं काम करते. रस्ता संपतो तिथून हिची नोकरी सुरू होते, आणि आठ-आठ दिवस एकटीच असते. मागच्या वर्षी तिची जुनी गाडी ओढ्यात दगडावर पोट टेकवून बसली आणि ही अकरा किलोमीटर चालत आली. दोन दिवस फोन लागत नव्हता. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मात्र मनाशी ठरवलं होतं, हिची पुढची गाडी मी स्वतः बांधणार, आणि ती कुठेही अडकणार नाही.

तर या बाईसाहेबांनी मला न विचारता नऊ वर्षं वापरलेली एक दांडगी एसयूव्ही घेऊन दारात उभी केली. तीही हवेच्या सस्पेन्शनची.

"मला विचारलं असतंस तर बिघडलं असतं का?"

"तू नको म्हणाला असतास."

"का नको म्हणालो असतो ते तरी ऐकून घ्यायचं."

"फुगे फुटतात, कंप्रेसर जातो, त्यापेक्षा स्प्रिंगची गाडी बरी. ऐकलं, झालं?"

सगळं बरोबर होतं. मी टेप काढला. चारही कोपरे सारखे भरले, मिलिमीटरचाही फरक नाही. नऊ वर्षांच्या गाडीत असं सहसा होत नाही. मला बरं वाटलं.

२

हवेच्या सस्पेन्शनची गाडी समजायला सोपी असते. स्प्रिंगच्या जागी चार रबरी फुगे. ज्या कोपऱ्यावर वजन पडेल तो दबतो, सेन्सर खबर देतो, कंप्रेसर घर्र करून त्या फुग्यात हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट होते. वजन उतरलं की कोपरा वर येतो आणि जास्तीची हवा फुस्स करून बाहेर जाते. सवय झाली की पाठ फिरवूनही सांगता येतं, कोणी बसलं की कोणी उतरलं.

काम बारा दिवस चाललं. लांब फुगे बसवले, चाकांना धरून ठेवणारे हातभर लांबीचे नवे आर्म घातले, गाडी तीन इंच उचलली, मोठे टायर चढवले, पोटाखाली जाड पत्रा मारला. पत्र्याचं काम वेल्डरचं. तो माझ्याकडे चौदा वर्षं आहे, मोजकं बोलतो आणि माझ्या विनोदांना हसत नाही. जुनी कंट्रोलची पेटी काढून नवी लावली. तिला एक छोटी स्क्रीन होती. स्क्रीनवर वरून पाहिल्यासारखं गाडीचं चित्र आणि चार कोपऱ्यांत चार आकडे. कुठे किती किलो जादा वजन आहे ते ती दाखवायची. गाडी रिकामी असली की चारही शून्य. डोंगरात सामान कसं लावायचं हे धाकटीला कळावं, म्हणून मुद्दाम ही पेटी निवडली होती.

अकराव्या दिवशी ती बघायला आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. घर्र. मी घड्याळ लावून बघितलं, सहा सेकंद. स्क्रीनवर पुढे उजवीकडे अठ्ठावन्न.

"तुझा काटा खोटा आहे," ती म्हणाली.

"काटा खोटं बोलत नाही."

"मग सत्तावन्न कर. भाऊ ना तू?"

ती आरसा हलवत होती, पाय लांब करत होती, आणि आकडा अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न असा हलत होता. माणूस बसला की आकडा हलतोच. माणूस नुसता श्वास घेतो तरी हलतो.

३

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी मी आणि वेल्डर कामाच्या टेबलावर डबे उघडून बसलो होतो. गाडी समोर मोकळ्या जागेत, चारही दारं बंद. चाचणीसाठी पेटी चालू ठेवली होती.

घर्र.

चार सेकंद, मग बंद.

वेल्डरने मान वर केली. "कोण बसलं?"

"कोण बसणार? डबा खा."

तरी मी उठून बघून आलो. गाडीत कोणी नव्हतं. स्क्रीनवर मागे डावीकडे एकेचाळीस लिहून आलं होतं, बाकी तीन शून्य. मला वाटलं, झालं, फुगा गळतोय. साबणाचं पाणी करून मागच्या डाव्या फुग्यावर, नळीवर, जोडांवर सोडलं आणि बुडबुडे यायची वाट बघत वाकून बसलो. एकही आला नाही.

पावणेतीनला मी पान्हे पुसत होतो तेव्हा फुस्स झालं. जाऊन बघितलं तर एकेचाळीसचं शून्य.

४

गळती असती तर फुग्यातली हवा कमी झाली असती. इथे ती वाढली होती आणि गाडी सपाट होती, म्हणजे वजन खरोखर वाढलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण कळलेलं मान्य करायची घाई नव्हती. बिघाड शोधायची एक रीत असते आणि मी रीतसर माणूस आहे.

डावा सेन्सर काढून उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. सेन्सर नासका असता तर चूक त्याच्याबरोबर उजवीकडे गेली असती. चारच्या सुमाराला पुन्हा घर्र झालं, चार सेकंद. आकडा आला तो मागे डावीकडेच, एकेचाळीस. मग वायर बदलली, पेटी बदलली. दुकानदाराकडून दुसरी आणली तेव्हा तो म्हणाला, पेटी कधी बिघडलेली ऐकली नाही. मी म्हटलं, मीही नाही.

नवी पेटी लावली, एकेचाळीस.

मी स्टूल घेऊन स्क्रीनसमोर बसलो आणि बराच वेळ आकडा बघितला. मला त्यात काहीतरी खटकत होतं, पण काय ते लक्षात येत नव्हतं. मग आलं. आकडा हलत नव्हता. वीस मिनिटं एकेचाळीस म्हणजे एकेचाळीसच. मला मनातून दिलासा वाटला. म्हणजे हे माणसाचं वजन नाही, यंत्राचाच काही घोळ आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

५

वेल्डर संध्याकाळी गाडीखाली होता, सायलेन्सरचा हूक जोडत. मी बाहेर अंगणात टायरवाल्याचा टेम्पो मागे घेत होतो. परत आलो तेव्हा तो गाडीखालून निघून नळावर हात धूत होता. हूक अर्धाच जोडलेला.

"गाडीत चढताना सांगत जा," तो म्हणाला. "मी खाली असतो. फुगा माझ्या कानाशी फुगला."

"मी बाहेर होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांना लागलेल्या बाहेरच्या चिखलाकडे. साबण पुन्हा लावून पुन्हा हात धुतले.

"हूक तू जोड," तो म्हणाला. "मी दुसरं काम करतो."

"का?"

"असंच."

चौदा वर्षांत या माणसाने मला कशालाही असंच म्हटलेलं नाही. पत्रा वाकडा कापला गेला तरी तो कारण सांगतो. मी हूक जोडला. गाडीखाली उताणा पडून काम करताना माझी नजर सारखी त्या डाव्या फुग्याकडे जात होती, आणि हूक जोडायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

६

रविवारी सकाळी मी एकटाच आलो. धाकटी चार वाजता गाडी न्यायला येणार होती आणि सोमवारी पहाटे निघणार होती.

सीटांवर आम्ही प्लास्टिकचं पातळ आवरण घालतो, ग्रीसचे डाग पडू नयेत म्हणून. मी पुढे बसून स्क्रीनच्या वायरी मागे दडपत होतो. घर्र झालं तेव्हा मी मान वळवली नाही. हातातलं काम चालू ठेवलं आणि डोळे तेवढे वर करून आरशात बघितलं.

मागची सीट रिकामी होती. उजवीकडचं प्लास्टिक सैल, चुरगळलेलं, आम्ही घातलं तसं. डावीकडचं ताणलं गेलं होतं. सीटच्या कडेपर्यंत घट्ट, एक सुरकुती नाही, आणि मध्ये दोन खोलगट जागा, शेजारी शेजारी. पाठीच्या बाजूलाही थोडं दबलेलं.

जुना फोम आहे, मी मनाशी म्हटलं. ऊन तापलंय, प्लास्टिक आकसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त उजवीकडेही तोच फोम होता आणि ऊन उजव्या बाजूने येत होतं.

मी खाली उतरलो आणि टेबलापाशी जाऊन पाणी प्यायलो. मी घाबरलो होतो. आडपडदा कशाला ठेवू? हे प्लास्टिक काढून टाकायचं, इतकंच मला सुचलं. पण मागचं डावं दार उघडून हात आत घालायला मन होईना. शेवटी उजव्या दाराने आत वाकून, टोक धरून ओढलं. सरकून निघालं पाहिजे तसं ते निघालं नाही. अडकलं, ताणलं, आणि डावीकडच्या टोकाला फाटलं. फाटका तुकडा तसाच राहिला.

७

त्या दिवशी एकेचाळीस गेलाच नाही. अकरा वाजले, दोन वाजले, आकडा जागचा हलत नव्हता. साडेतीनला मी जे केलं ते माझ्या धंद्यातला कोणीही करेल, आणि हीच खरी शरमेची गोष्ट आहे.

पेटीत एक सोय असते. गाडी पूर्ण रिकामी करायची, सपाट जमिनीवर उभी करायची आणि एक बटण दहा सेकंद दाबून धरायचं. त्या क्षणी जे वजन असेल तेच रिकाम्या गाडीचं असं पेटी कायमचं धरून चालते आणि चारही कोपऱ्यांत शून्य लिहिते. नवं काम झालं की हे करावंच लागतं. आणि बिघाड सापडत नसला, गिऱ्हाईक दारात उभं असलं, तरीही करतात. काट्याला समजावलं, असं आम्ही म्हणतो.

मी गाडी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी रिकामी केली. हत्यारं काढली, पायपुसणी काढली, दाराच्या कप्प्यातला माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा काढला. मग बाहेर उभं राहून खिडकीतून हात घालून बटण दाबलं. एकेचाळीसचं शून्य झालं. आवाज कसलाच नाही, फुस्स नाही. नुसता आकडा बदलला.

धाकटी आली. गाडीभोवती फिरली, टायरला लाथ मारून बघितली, पोटाखालचा पत्रा वाकून बघितला.

"माझी गाडी घेऊन जा या खेपेला," मी म्हटलं. "ही अजून आठ दिवस राहू दे."

"तुझी गाडी स्पीडब्रेकर बघून घाबरते. हिला काय झालंय?"

काय सांगायचं होतं मी? वेल्डर असंच म्हणाला म्हणून? प्लास्टिक फाटलं म्हणून? ती पोट धरून हसली असती, आणि पुढची दहा वर्षं घरच्या प्रत्येक जेवणाला ही गोष्ट निघाली असती. शिवाय पाणी आटायच्या आत तिला मोजणी करायची होती, आठ दिवसांनी झरे थांबले नसते.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग ओके?"

लहानपणापासून तिची ही सवय आहे. सायकलची साखळी असो की गॅसची नळी, मी ओके म्हटलं की ती पुन्हा तपासत नाही.

"ओके," मी म्हटलं.

ती बसली. घर्र, सहा सेकंद. अठ्ठावन्न, आणि तीन शून्य. हात हलवून गेली. वळणावर गाडी सुरेख सपाट राहिली.

८

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. मी भिंतीवर दुसऱ्या गाडीची मापं लिहीत होतो.

"दादा, गाडी झकास आहे. काल असला ओढा पार केला, तू असतास तर डोळे मिटले असतेस. आता माथ्यावर उभी आहे, इथेच रेंज आहे. एक विचारायचं होतं. काल दिवसभर स्क्रीन बरोबर होती. आज सकाळपासून मागे डावीकडे उणे एकेचाळीस दाखवतेय. उणे वजन कसं असतं रे?"

खडू माझ्या हातात तसाच राहिला. मागे डावीकडे एकेचाळीस किलो असणं म्हणजेच रिकामं असणं, हे मीच त्या गाडीला शिकवलं होतं. आता ते तिथे नव्हतं.

"पुढे डावीकडे किती?" मी विचारलं.

"एकेचाळीस."

"तुझ्या शेजारच्या सीटवर काय ठेवलंयस?"

"काही नाही. पिशव्या सगळ्या खाली गावात ठेवून आलेय, गाडी रिकामी आहे. हां, त्या सीटच्या बेल्टची घंटी मात्र सकाळी उगाचच वाजत होती. डोकं उठलं. शेवटी बेल्ट नुसता अडकवून टाकला, तेव्हा गप बसली."

मी खडू खाली ठेवला. वेल्डरने काम थांबवून माझ्याकडे बघितलं.

"गाडीतून उतर," मी म्हटलं.

"का?"

"हवा तपासायचीय. इंजिन चालू राहू दे, फोन हातात घे आणि उतर."

गाडी तपासायची म्हटलं की ती वाद घालत नाही. दाराचा आवाज आला, मग दार लागलं. फुस्स. हा तिचा. मग वारा ऐकू येऊ लागला.

"उतरले. आता?"

पुढचं मी ठरवलंच नव्हतं. माझ्यापासून ती साडेतीन तासांवर होती.

"आसपास कोणी आहे?"

"एक शेळी आहे. तिला देऊ फोन?"

मी बोलणार तोच आवाज आला. बारीक, टक असा. बेल्टचं बटण सुटल्याचा आवाज मी दिवसातून पन्नासदा ऐकतो. आणि मागोमाग फुस्स. तिच्यापेक्षा आखूड.

"आपोआप हवा सोडतेय बघ," धाकटी म्हणाली. "तसंच असतं ना?"

"दार उघडलं का एखादं?"

"नाही. सगळी बंद आहेत. तुझा आवाज असा का येतोय?"

ते गाडीत नव्हतं. म्हणजे तिच्याबरोबर माथ्यावर उभं होतं, आणि तिला बाहेर मी काढलं होतं. "आत बस," मी म्हटलं. "आत्ता, लगेच. दारं लॉक कर आणि खाली गावाकडे निघ, मी समोरून येतो."

"आधी उतर, मग चढ. जिम आहे का ही?"

"बस म्हणतो ना."

माझा असा आवाज तिने कधी ऐकला नसावा. दार उघडलं, लागलं. चारही लॉक एकदम पडल्याचा आवाज आला. वारा बंद झाला आणि कंप्रेसर सुरू झाला. मी नकळत मोजत होतो. चार, पाच, सहा. सहाला तो थांबायला हवा होता.

सात. आठ. नऊ. दहा.

थांबला.

"लॉक केलं," ती म्हणाली. "आता काय?"

"आकडे वाच."

"पुढे उजवीकडे अठ्ठावन्न, ती मी. पुढे डावीकडे शून्य. मागे उजवीकडे शून्य."

वेल्डर माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. मला विचारायचं नव्हतं.

"मागे डावीकडे?"

"शून्य," ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, आवाजातच ते कळत होतं. "झाली की दुरुस्त. सगळं शून्य आहे, दादा. काय केलंस तू?"